डाव्या बाजूचा खेळाडू

सोलापुरात टीव्ही दिसायला लागला त्याच्या कितीतरी वर्षं आधी मी टीव्ही बघितला. त्यावर कार्यक्रम नव्हता, कारण कार्यक्रम आमच्यापर्यंत पोचतच नव्हते. लावला की नुसत्या मुंग्या. तरीही आमच्या मालकांनी पुण्याहून तो टेम्पोत घालून, दोन गाद्यांच्या मध्ये निजवून आणला. सगळे हसले. मीही हसले, पण तोंडाला पदर लावून, कारण पगार त्यांच्याकडूनच घ्यायचा होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बी.ए. होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागले होते. पुढे ऑफिसची खोली, मागे यंत्रमागांची शेड आणि शेडला लागून मालकांचं घर. दिवसभर मागांची खडखड अशी चालायची की घरी गेल्यावर आईशीही मी ओरडूनच बोलायची. आई म्हणायची, बहिरी होशील आणि मग तुला कोण करून घेईल. मी म्हणायची, बरंच होईल, तुझं बोलणं ऐकू येणार नाही. माझी जीभ तेव्हापासूनच अशी.

कारखाना दोन भावांचा. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणत. मी लागले त्याच्या आदल्या वर्षीच ते वारले होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. ऑफिसातली डावीकडची वेताची खुर्ची त्यांची होती, तिच्यावर कोणी बसत नसे. आता कारभार धाकटे बघत. मी मालक म्हणते ते हेच. अण्णांच्या बायकोला सगळा कारखाना अक्का म्हणे. मालक मात्र त्यांच्या तेलुगू रिवाजाप्रमाणे वहिनीला वदिना म्हणत. मूलबाळ नव्हतं. अण्णांचा अर्धा हिस्सा अक्कांच्या नावावर आला होता, पण अक्का शेडमध्ये येत, टॉवेलचा काठ बोटांनी चाचपून बघत आणि घरात जात. हिस्सा वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

परदेशातला एक साहेब आमचे टॉवेल घेऊ लागला होता. त्याच्याशी पत्रव्यवहार करायला मी, आणि त्याच्याशी समोरासमोर चार शब्द बोलायला मालक, अशी विभागणी होती. दिवाळीनंतर साहेब स्वतः येणार होता. तोवर मालकांना इंग्रजी यायला हवं होतं. म्हणून रोज दुपारी टायपिंग थांबवून मी त्यांना शब्द शिकवायची. ऑर्डर, सॅम्पल, शिपमेंट, डिलिव्हरी, पार्टनर. माझं इंग्रजी तरी कुठे मोठं होतं? मीही मराठी शाळेतलीच. रात्री शब्दकोशात बघायचं आणि दुपारी जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगायचं, एवढाच माझा आणि त्यांचा फरक होता. त्यांना तो कळू नये म्हणून मी जरा कडकच वागायची. ते चुकले की मी पेन्सिल आपटायची. मालक बिचारे दचकायचे.

मग साहेबाने भेट म्हणून एक खोकं पाठवलं. टीव्हीला जोडून खेळायचा खेळ. काळी पेटी, आणि दोन लांब वायरींच्या टोकांना रेडिओला असतात तशी दोन फिरवायची बटणं. वीज एका ठोकळ्यातून भिंतीतल्या प्लगवरून यायची. सोबत इंग्रजी माहितीचं पुस्तक. साहेबाने लिहिलं होतं की आलो की आपण दोघे एक डाव खेळू. झालं. मालकांनी टीव्ही आणला तो एवढ्यासाठी. माझ्या वहीत एका पानावर धंद्याचे शब्द होते, समोरच्या पानावर खेळाचे शब्द आले. प्लेअर, स्टार्ट, सर्व्ह, मिस, स्कोअर. 'युवर सर्व्ह, सर' हे वाक्य मी मालकांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की शेडमधले कामगारसुद्धा माग चालवता चालवता ते म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी खेळ लावला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंग्या नाहीशा झाल्या आणि काळ्या काचेवर दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या आल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे एक पांढरा ठिपका. पट्टीला लागला की टक् असा आवाज व्हायचा. मालक उजव्या पट्टीचं बटण घेऊन बसले. दुसरं बटण कोणी घ्यायचं? मी म्हटलं, मला पुस्तक वाचायचंय. तेव्हा त्यांनी ते तात्पुरतं अण्णांच्या खुर्चीवर ठेवलं.

अक्का चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

डावी पट्टी हलत होती. तिला कोणी हात लावला नव्हता. आधी ती जागच्या जागी थरथरली, मग सावकाश खाली सरकली, थोडी वर आली आणि ठिपका तिच्याकडे आला तेव्हा बरोबर त्याच्या आड उभी राहिली. टक्. ठिपका मालकांकडे परत आला. मालक बटण फिरवायचं विसरून गेले.

"हात बघा की," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तेंचाच हात हाय त्यो."

अण्णांचा हात शेवटची दोन वर्षं कापायचा, हे मला त्या दिवशी कळलं. कपातला चहा बशीत सांडायचा आणि बशीतला धोतरावर. अक्कांनी चहाचा ट्रे माझ्या टाइपरायटरवर ठेवला, जे मी एरवी कुणाला खपवून घेतलं नसतं, आणि त्या पडद्यासमोर जमिनीवर बसल्या. मी पुस्तक छातीशी धरून उभी राहिले.

तेव्हापासून अक्का रोज चारला यायच्या. बटणाला हात लावायच्या नाहीत. मालक उजवीकडून खेळायचे आणि अक्का डावीकडे बघायच्या. मला शब्द विचारायच्या. त्यांनी मारला की काय म्हनायचं? हिट. चुकला की? मिस. मग त्या हळू आवाजात, पुटपुटल्यासारखं, हिट, हिट, मिस असं म्हणत राहायच्या. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत उच्चार त्यांचा चांगला होता, हे मी मालकांना कधी सांगितलं नाही.

आठवड्याभराने त्या विचारायला लागल्या. साहेबाला नव्या टॉवेलचं सॅम्पल पाठवायचं होतं. काठ निळा घ्यायचा की लाल, यावर मालकांचं ठरत नव्हतं. अक्कांनी पडद्याकडे बघून तेलुगूत काहीतरी विचारलं आणि मला म्हणाल्या, "निळा असंल तर मारत्याल." टक्. निळा काठ गेला. महिन्याने साहेबाचं पत्र आलं की सॅम्पल पसंत आहे, आणि निळ्या काठाबद्दल त्याने दोन ओळी जास्तच लिहिल्या होत्या. ते पत्र मालकांना मराठीतून सांगताना त्या दोन ओळी मी पडद्याकडे न बघता वाचल्या. अक्का नुसत्या मान हलवत होत्या, नवऱ्याचं कुणी कौतुक केलं की बायका हलवतात तशी.

मी शिकलेली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी कॉलेजात मोठ्याने सांगायची. पण एका दुपारी मालक बँकेत गेले होते, अक्का घरात होत्या आणि खेळ लावलेलाच राहिला होता. मी पडद्याकडे पाठ करून पत्र टाइप करत होते. दोन्ही बटणं खुर्च्यांवर पडलेली. मागून आवाज यायला लागला. टक्. थोड्या वेळाने टक्. मग पुन्हा. ठिपका सुटत नव्हता. दोन्ही बाजूंनी परत येत होता. मी मोजायला लागले आणि चाळीसला थांबले, कारण तेवढे फटके मालकांच्या डावात कधीच सलग झाले नव्हते. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. खोलीत दोन माणसं खेळतायत आणि आपल्याला ती खिजगणतीतही धरत नाहीयेत, असं वाटत होतं. त्या पत्रात साहेबाचं आडनाव मी तीन वेळा चुकवलं.

दुसऱ्या दिवशी मी माहितीचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. भीतीपोटीच वाचलं. शेवटी बारीक अक्षरात, काही बिघडलं तर काय करावं, याची यादी होती. त्यात होतं: पट्टी हात न लावता हलत असेल तर बटणात धूळ गेली असेल, किंवा वीज स्थिर नसेल. मी मान वर करून शेडकडे बघितलं. एकाच लाइनवर सगळे माग चाललेले, ऑफिसातला दिवा कमी-जास्त होत असलेला, हवेत कापसाचे तंतू. मला एकदम हसू आलं. मग स्वतःचाच राग आला. चाळीस फटक्यांचं काय, हे मात्र त्या यादीत नव्हतं. ते मी मनात मागे ढकललं.

मी मालकांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग दार लोटून म्हणाले, "बाई, हे वदिनाला सांगू नका. लई दिवसांनी जेवाय लागल्यात त्या."

मला ते पटलं. नवरा गेलेल्या बाईला रोज तासभर सुख मिळतंय, आपण कशाला काढून घ्या? मालक चांगले आहेत असं वाटून त्या दिवशी मी पेन्सिल आपटली नाही.

दसऱ्याच्या आधी त्यांनी मला एक कागद टाइप करायला दिला. वकिलाकडून आलेला, सगळा इंग्रजीत. मी टाइप करत गेले आणि माझी बोटं हळू होत गेली. अक्का आपल्या खुशीने भागीदारीतून निवृत्त होत आहेत, कारखान्यावर त्यांचा काही हक्क राहणार नाही, शेडमागची एक खोली त्यांना हयातभर राहायला मिळेल. खाली अक्कांच्या सहीची जागा. साहेब यायच्या आत मालकांना सगळं एकट्याच्या नावावर हवं होतं.

"वदिनानं इचारलं तर साहेबाचा फॉर्म हाय म्हनायचं," मालक म्हणाले.

घरी पगारावर चार माणसं होती आणि मी तो कागद नेटका, एकही चूक न करता, दोन प्रतींत टाइप करून दिला. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद असतात. त्या दिवशी हत्यारांची पूजा. प्रत्येक मागाला झेंडूची माळ, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. आमच्याच नव्हे, आसपासच्या सगळ्या शेडमध्ये. मी पूजेला जरीची साडी नेसून गेले होते. माझ्या टाइपरायटरलाही कोणीतरी कुंकू लावलं होतं. रस्त्याला लागल्यापासूनच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, आणि ऑफिसात गेल्यावर कळलं, खडखड नाही. त्या खोलीत मी पहिल्यांदाच स्वतःचा श्वास ऐकला. प्रसाद घेऊन कामगार गेले. चार वाजता मालकांनी खेळ लावला.

"वदिना," ते म्हणाले, "तुमी अण्णाला हितं बांदून घातलंय. त्येला बी सुटका पायजे का नको? आज त्येलाच इचारू. धंद्यात ऱ्हायचं असंल तर चेंडू मारंल. न्हाई मारला तर त्यो गेला म्हनायचं, आन तुमी ह्या कागदावर सही करून त्येला मोकळं करा."

अक्का हो म्हणाल्या. त्यांना अण्णांची खात्री होती. मालकांनी हाच दिवस का निवडला ते त्या खोलीत फक्त मला आणि त्यांना माहीत होतं.

डावी पट्टी हलली नाही. इतके दिवस मी तिला कधी स्थिर बघितलं नव्हतं. खिळा ठोकावा तशी ती पडद्याच्या वरच्या बाजूला उभी होती आणि ठिपका तिच्या खालून निघून जात होता. मालकांचा आकडा एक झाला, दोन झाला. अक्का पुढे सरकल्या. सात. त्यांनी तेलुगूत हाक मारली. मी ती भाषा शिकले नव्हते, पण नवऱ्याला हाक मारलेली कोणत्याही भाषेत कळते. दहा. खोलीत दुसरा आवाज नव्हता. डावीकडचा भोपळा तसाच. पंधरा झाल्यावर खेळ आपोआप थांबला.

"मिस," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पेन मागितलं.

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी एवढ्या वेळात एवढा विचार कधी केला नाही. गप्प बसले तर अक्कांचा हिस्सा जाणार होता. बोलले तर हिस्सा राहणार होता, पण मग चार महिने रोज चारला येणारा नवरा मला माझ्या तोंडाने मारावा लागणार होता. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"अक्का, सही करू नका," मी म्हणाले. त्या शांततेत माझं ते नेहमीचं ओरडून बोलणं भिंतीवर आदळलं.

"बाई, तुमचं काम टायपिंगचं हाय," मालक म्हणाले.

"बोलू द्या तिला," अक्का म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं. अक्कांनी आधी इंग्रजीतून वाचायला लावलं, मग मराठीतून. विजेचं सांगितलं, मागांचं सांगितलं, आज माग बंद आहेत म्हणून पट्टी स्थिर आहे हे सांगितलं. मग तो कागदही शब्द न् शब्द सांगितला, शेडमागच्या खोलीसकट. मालक खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "खोटं वाटत असेल तर एक माग चालू करून बघा. लगेच हलेल."

"आज मागाला हात लावायचा न्हाई," अक्का म्हणाल्या. सवाष्णीपासून विधवेपर्यंत सगळ्या दसऱ्यांत जो नियम त्यांनी पाळला होता, तो माझ्या पुराव्यासाठी मोडणार नव्हता. म्हणजे माझ्या शब्दाखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी इतके दिवस त्ये नव्हतंच?"

"नव्हते," मी म्हणाले.

इंग्रजीतले कितीतरी अवघड शब्द मी त्या ऑफिसात मराठीत आणले. हा एकच शब्द मराठीतून मराठीत सांगायचा होता आणि तो सांगताना मला रडू फुटलं. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाच्या दोन्ही प्रती घडी करून कमरेला खोचल्या आणि मालकांना म्हणाल्या, "मग आज गेले असं बी म्हनता येत न्हाई."

दिवाळीनंतर साहेब आला तेव्हा अक्का ऑफिसात होत्या. मालकांनी नाइलाजाने ओळख करून दिली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि स्पष्ट म्हणाल्या, "पार्टनर." साहेबाला खेळायचं होतं. मालकांनी पेटी बिघडली म्हणून सांगितलं. खरं तर त्यांनी नवमीच्या दुसऱ्याच दिवशी ती वायरींसकट गुंडाळून कपाटात कुलपात टाकली होती, आणि टीव्हीचा प्लग काढून वायर मागे टाकून दिली होती. माझी नोकरी राहिली ती अक्कांमुळे. पण त्यानंतर त्यांनी मला एकही शब्द विचारला नाही. मी त्यांना न्याय मिळवून दिला, आणि त्यांनी मला माफ केलं नाही, असंच मी धरून चालले होते.

हिवाळ्यात एके दिवशी चारच्या सुमारास मी पत्र टाइप करत होते. माग चालू होते. अक्का आल्या आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या. पडदा काळा. आत वीज नाही, पेटी कपाटात. मी पुन्हा टायपिंग सुरू केलं. थोड्या वेळाने सहज बघितलं तर त्यांची मान हलत होती. सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे. डोळे काचेवरच्या कशाच्या तरी मागोमाग जात होते. ओठ हलत होते. हिट, हिट. डावीकडे आल्यावर एकदा त्या थांबल्या, आणि कोणी आपल्याशी चेष्टा करावी तशा पदरात तोंड घालून हसल्या.

माझे हात टाइपरायटरवर तसेच राहिले. वाटलं, हे मीच केलं. मी उठून त्यांच्यापाशी गेले, वाकले आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "अक्का, मालकांकडून किल्ली घेऊन लावून देऊ का खेळ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर ठिपका चुकला असता.

"नगं," त्या म्हणाल्या. "आता तेन्ला लाईट लागत न्हाई."